एका अक्षराचा शब्द

बुधवारी मॉनिटरने वर्गाच्या ग्रुपवर एक ओळ टाकली होती: ‘पुढच्या रविवारी सगळ्यांनी जुळ्यांच्या घरी जमायचं.’ रविवारी सकाळी, चाळीस माणसांची सँडविचं कापून झाल्यावर, त्या ओळीचे दोन अर्थ होतात हे वहिनीला कळलं.

“निम्मा वर्ग म्हणतोय, पुढचा म्हणजे आजचा,” धाकटा मोबाइलवरून वाचून दाखवत होता. “उरलेला निम्मा म्हणतोय, आजचा हा ‘येता’ रविवार. पुढचा म्हणजे त्याच्या पुढचा.”

“मग आजचा म्हणणारे तरी येतायत ना?”

“ते म्हणतायत, एवढा गोंधळ असेल तर आम्हीही पुढच्याच रविवारी येतो.”

“म्हणजे कुठल्या?”

धाकट्याने मोबाइल खिशात घातला. “तिघं येतायत. मॉनिटर, बटाटा आणि रेडिओ.”

वहिनीने ओल्या फडक्याखाली झाकलेल्या सँडविचच्या डोंगराकडे पाहिलं. तिला रडू यायला हवं होतं. पण तिसरं नाव ऐकून तिला इतकं हलकं वाटलं, की तिने एक सँडविच उचलून नवऱ्याच्या तोंडात कोंबलं.

“खा. आजपासून आठवडाभर हेच आहे.”

धाकटा पन्नाशीला आला तरी घरात धाकटाच होता, कारण त्याची जुळी बहीण त्याच्याआधी काही मिनिटं जगात आली होती. तेवढ्या मिनिटांच्या जोरावर ती ताई झाली. आधी त्याची, मग दोघं एकाच वर्गात असल्यामुळे अख्ख्या वर्गाची. वहिनी या घरात आली तेव्हा तिनेही मुकाट्याने ताई म्हणायला सुरुवात केली. ताई मात्र धाकट्या भावाच्या बायकोला वहिनी म्हणायची. काही मिनिटांचा मोठेपणा ती हवा तेव्हा वापरायची आणि हवा तेव्हा खुंटीला टांगून ठेवायची.

वर्गात तिला ताई न म्हणणारा एकच मुलगा होता. वहिनीला हे परवा कळलं. तिच्या औषधांच्या दुकानात फोन वाजला आणि पलीकडून रेडिओचा भरदार आवाज आला. शाळेत अखंड बडबड करायचा म्हणून रेडिओ. पुढे तो ध्वनिमुद्रक झाला आणि स्वतः गप्प बसून दुसऱ्यांचं ऐकायचा पगार घेऊ लागला.

“वहिनी, रविवारी ती असेल ना?”

“आमच्या ताई?”

“हो. म्हणजे तुमची नणंद.”

वहिनी सावध झाली. सरळ ताई म्हणता येत असताना जो माणूस ‘तुमची नणंद’ असा वळसा घालतो, त्याच्या मनात काहीतरी आहे.

“भाऊजी, काय ते सांगून टाका. काउंटरवर गर्दी आहे.”

आणि त्याने खरंच सांगून टाकलं. दूर समुद्राकाठी पक्ष्यांच्या आणि लाटांच्या आवाजांचं संग्रहालय होतं, तिथे त्याला काम मिळालं होतं. रविवारी संध्याकाळच्या गाडीने तो कायमचा तिकडे जाणार होता. बायकोपासून वेगळं होऊन बरीच वर्षं झाली होती, मुलगी तिच्या नोकरीत रमली होती. “जाण्याआधी एकदा बघून जावं म्हटलं. शाळेच्या शेवटच्या दिवशी विचारलं होतं तिला. ‘नको’ म्हणाली. एकदा नको ऐकल्यावर परत विचारायचं धाडस येईल असं काही औषध आहे का तुमच्याकडे?”

“आहे,” वहिनी म्हणाली. “पण ते जेवणानंतर घ्यायचं असतं. रविवारी या.”

तळमजल्यावर जुळ्यांच्या वडिलांच्या, अण्णांच्या, जुन्या वर्कशॉपमध्ये बर्नरची निळी ज्योत फुरफुरत होती. ताई विद्यापीठाच्या प्रयोगशाळांसाठी काचेची उपकरणं फुंकून बनवायची. विद्यापीठाने तो विभाग बंद केला तेव्हा बर्नर आणि काच फिरवायचा लेथ तिने घरी आणले. अण्णांच्या हत्यारांशेजारी ते मांडण्यावरून तिचं आणि धाकट्याचं भांडण झालं होतं, त्याला आता वर्ष होत आलं. वादळ शमलं होतं. ताई सकाळी खाली यायची, रंगीत चष्मा लावायची आणि जेवायला हाक मारेपर्यंत वर यायची नाही.

वहिनी दाराशी येऊन उभी राहिली. ताई दोन्ही हातांनी काचेची नळी ज्योतीत फिरवत होती. नळीच्या टोकाला एक लांब रबरी नळी जोडलेली होती आणि तिचं दुसरं टोक तिच्या ओठांत होतं, हवा फुंकायला. काच मधासारखी मऊ झाली, तिने हलकेच फुंकलं, आणि नळीच्या मधोमध एक गोळा फुगून आला.

“ताई, तिघंच येतायत. मॉनिटर, बटाटा आणि रेडिओभाऊजी.”

ताईने रबरी नळी ओठांतून काढली नाही. तिला एखाद्या गोष्टीचं उत्तर द्यायचं नसलं, की ती नळी ओठांतच राहायची, हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं.

“त्यांचं नाव काढलं की तुम्ही नेहमी फुंकायलाच लागता,” वहिनी म्हणाली.

गोळा जरा जास्तच फुगला. ताईने ज्योत बारीक केली आणि चष्मा कपाळावर सरकवला. “उद्धट मुलगा होता, बाकी काही नाही.”

“काय केलं होतं त्यांनी?”

“शेवटच्या पेपरचा दिवस. मी बसमध्ये, तो खाली. खिडकीशी आला आणि आमच्या मागच्या बाकाच्या गुप्त भाषेत म्हणाला, एकजण तुझ्या प्रेमात पडलाय, चालेल?” ताईच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या होत्या, बर्नरमुळेही असेल. “काच बंद, इंजिन चालू. मी विचारलं, कोण? एवढंच. तर त्याने माझ्याकडे असं बघितलं, जसं काही मीच त्याला मुस्कटात मारली. आणि पाठ फिरवून चालता झाला. पोरांनी पैज लावली असणार, दुसरं काय!”

“तुम्ही आणखी काही नाही बोललात? ‘नको’बिको?”

“नको कशाला म्हणेन? नको तरी कुणाला म्हणायचं, तेच तर विचारत होते ना!”

तिने पुन्हा नळी ओठांत धरली. त्याच्यासाठी आपण लग्नावाचून राहिलो असं कुणी सुचवलं असतं, तर तिने हातातली काच त्याच्या अंगावर फेकली असती, आणि ते खरंही नव्हतं. मधल्या वर्षांत तिला दोघं-तिघं आवडले होते, त्यांतल्या एकाशी ठरताठरता राहिलं होतं. पण त्या बसच्या खिडकीतून विचारलेला प्रश्न अधूनमधून आठवायचा. बिनउत्तराचा, तिथेच लटकलेला.

वहिनी जिना चढताना विचार करत होती. एक म्हणतो नको ऐकलं. दुसरी म्हणते कोण विचारलं. खोटं बोलणाऱ्यांतली दोघंही नाहीत. दुकानात सारख्या नावांची दोन औषधं असली, की ती त्यांना मुद्दाम दूरदूरच्या खणांत ठेवायची, म्हणजे घाईत हात चुकत नाही. पण ‘नको’ आणि ‘कोण’ कुठल्या अंगाने सारखे? जिना संपला तरी तिला उत्तर सापडलं नाही.

मॉनिटर सगळ्यांत आधी आली. ती विमानतळाच्या मनोऱ्यात बसून विमानं उतरवायची.

“एक अक्षर बोलू नका,” तिने दारातच हात वर केला. “माझं वाक्य बरोबर होतं. वाचणारे चुकले.”

“विमानांनाही असंच सांगतेस का गं?” धाकट्याने विचारलं. “पुढच्या धावपट्टीवर उतरा?”

“विमानं तुमच्यापेक्षा शहाणी असतात. कळलं नाही तर परत विचारतात.”

मागून बटाटा आला आणि त्याला कुणी ओळखलंच नाही. शाळेतला गोल गरगरीत मुलगा आता छडीसारखा सडपातळ झाला होता. बँकेतली नोकरी सोडून तो पोहायला शिकवायचा.

“अरे, तुझा बाकीचा बटाटा कुठाय?” धाकटा त्याला सगळ्या बाजूंनी बघत म्हणाला.

“पाण्यात विरघळला. खायला काय आहे?”

“चाळीस जणांचं आहे,” वहिनी म्हणाली.

“मग बाकीच्यांनी काय खायचं?”

जुळ्यांच्या आई खिडकीजवळच्या खुर्चीत बसल्या होत्या, कानात ऐकायचं मशीन लावून. मॉनिटर आणि बटाटा पाया पडायला वाकले तेव्हा बटाट्याचा गुडघा कट्टकन वाजला, त्यावरून मॉनिटरने स्वतःच्या कमरेचा विषय काढला, कमरेवरून गाडी कोलेस्टेरॉलवर गेली आणि तिथून मुलांवर. मॉनिटरच्या मुलाने इंजिनिअरिंग सोडून जादूचे प्रयोग सुरू केले होते.

“गेल्या महिन्यात त्याने माझं घड्याळ गायब केलं,” मॉनिटर म्हणाली. “अजून परत आणता आलेलं नाही. शिकतोय म्हणतो.”

हसण्याचा कल्लोळ चालू असतानाच रेडिओ आत आला. हातात बॅग होती, ती त्याने दाराशीच ठेवली. तो सगळ्यांशी बोलला, आईंच्या पाया पडला, बटाट्याला मिठी मारली. आणि हे सगळं करताना त्याचं लक्ष पायाखालच्या फरशीकडे होतं. खालून ज्योतीचा आवाज येत होता. गॅस आणि ऑक्सिजन एकत्र जळताना होते तशी एकसुरी, बारीक फुरफुर. मध्येच ती थांबली. स्टूल सरकल्याचा आवाज. मग जिन्यावर पावलं, दोन पायऱ्या एकदम चढणारी. शाळेतही ती अशीच चढायची.

आयुष्यभर त्याने कानांच्या जोरावर पोट भरलं होतं. बेडकांतला नर कुठला आणि मादी कुठली, हे तो झोपेत सांगू शकला असता. पण एका बंद काचेआडून आलेला तो एकच शब्द त्याला जितका स्वच्छ आठवायचा, तितकं दुसरं काही नाही.

ताई कपाळावर चष्मा तसाच ठेवून आत आली. “आलात का सगळे?” तिने विचारलं आणि टेबलाच्या दुसऱ्या टोकाला, त्याच्यापासून जितकं लांब बसता येईल तितकं लांब जाऊन बसली.

“अगं, बरी आहेस ना?” रेडिओ म्हणाला.

“मला काय होतंय?”

वहिनीने मनातल्या मनात कपाळावर हात मारून घेतला. पुढचा तासभर तिने जंग जंग पछाडलं. रेडिओला सँडविचची बशी नेऊन द्यायला ताईला सांगितलं, तर ताईने ती बशी बटाट्याकडे सरकवली. ताईला वर्कशॉप दाखवायला सांगितलं, तर धाकटाच पुढे होऊन म्हणाला, “चल रे, मी दाखवतो.” रेडिओने संग्रहालयातल्या नव्या कामाबद्दल सांगितलं, तेव्हा सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. ताईने उठून खिडकी बंद केली. वारा येतोय म्हणाली. झाडाचं एक पानही हलत नव्हतं.

कॉफीचा पहिला घोट घेऊन धाकटा बहिणीकडे वळला आणि जिभेच्या टोकावरून सटकन म्हणाला, “फीकॉ डूक हेआ.”

ताई खुदकन हसली. मॉनिटर हसली. बटाटा तर तोंडातल्या घासासकट हसला आणि म्हणाला, “लाम नजूअ वंह!” चौघं-पाचजण एकदम त्या भाषेत सुरू झाले, कढईत लाह्या फुटाव्यात तसे.

वहिनीने कॉफीचं भांडं टेबलावर आदळलं.

“बावीस वर्षं,” ती म्हणाली. “बावीस वर्षं मी ही भाषा ऐकतेय. माझ्यासमोर, माझ्या स्वयंपाकघरात. मी मुद्दाम कधी विचारलं नाही. आज विचारते. ही भाषा मला शिकवल्याशिवाय या टेबलावर केक येणार नाही.”

“नीहिव लीडचि,” धाकटा हळूच म्हणाला.

“बाहेरच्यांना शिकवायची नाही, शपथ आहे,” मॉनिटरने बजावलं. “मागच्या बाकाचा पहिला नियम.”

“केक चॉकलेटचा आहे,” वहिनी म्हणाली.

“प्रत्येक शब्द उलटा करायचा!” बटाटा ओरडला. “शेवटचं अक्षर आधी. बटाट्याचा टाटाब. चलचं लच. झालं! कुठाय केक?”

“फितूर!” मॉनिटरने त्याच्या पाठीत गुद्दा घातला.

“एवढंच?” वहिनी क्षणभर खट्टू झाली. आजवर तिला वाटत होतं, काहीतरी फार गहन असणार. “आणि एका अक्षराचा शब्द असला तर?”

“तो उलटत नाही,” ताई म्हणाली. “मी, तू, हो, ये, जा. ते तसेच राहतात. म्हणून खरं महत्त्वाचं काही असलं, की आम्ही ते टाळायचो. कुणालाही कळलं असतं.”

वहिनी ओठांतल्या ओठांत पुटपुटू लागली. फीकॉ. कॉफी. डूक. मग तिने मान वर केली. “कॉफी कडू आहे? अहो, लग्नानंतरच्या पहिल्या आठवड्यात, माझ्या माहेरच्या माणसांसमोर तुम्ही हेच म्हणाला होतात! आणि मला सांगितलंत की फ्रेंचमध्ये छान म्हणतात!”

धाकट्याने कॉफीच्या कपाआड तोंड लपवलं. ताई टेबलावर डोकं टेकून हसत होती. वहिनी एकेक शब्द उलटून बघत सुटली. गेल्या बावीस वर्षांचा हिशेब चुकता करायचा होता. “थांबा, आता मला बोलू दे. चल, लच. बस, सब. नको…”

ती थांबली.

“नको,” ती पुन्हा म्हणाली. “कोन.”

कुणाच्या लक्षात आलं नाही. बटाटा स्वतःच केक आणून कापत होता. वहिनीच्या डोळ्यांसमोर मात्र दुकानातले ते दोन लांबचे खण उघडले आणि त्यांतून एकाच रंगाच्या दोन बाटल्या बाहेर आल्या.

“भाऊजी,” ती रेडिओकडे वळली. “ताई त्या दिवशी ‘नको’ म्हणाल्या, ते कुठल्या भाषेत?”

रेडिओचा कप अर्ध्यात थांबला. “कुठल्या म्हणजे? आमच्याच. मी त्याच भाषेत विचारलं होतं.”

“म्हणजे तुम्हाला कानाला काय ऐकू आलं? शब्द सांगा, अर्थ नको.”

“कोन,” रेडिओ म्हणाला.

ताईने टेबलावरून डोकं उचललं.

“आणि ताई, तुम्ही साध्या मराठीत काय विचारलं होतं?”

ताईचं तोंड उघडं राहिलं. “मी…” ती म्हणाली. मग हळूच, घशातल्या घशात, “कोण.”

 मग बटाट्याच्या हातातून सुरी खाली पडली.

“म्हणजे तिने विचारलं कोण,” मॉनिटर सावकाश म्हणाली, दोन विमानं एकाच धावपट्टीवर दिसावीत तशी, “आणि याने ते उलटवून ऐकलं नको?”

“आणि मी समजत होते, तू माझी चेष्टा करून पळालास!” ताई ओरडली.

“मी पळालो नाही! नकार आला म्हणून सभ्यपणे निघून गेलो!”

“सभ्यपणे? पाठ दाखवून?”

“मग काय उलटं चालत जायचं होतं?”

मॉनिटर हसू लागली आणि तिला थांबताच येईना. “अरे, तू कानांवर पोट भरतोस ना? लोक तुला पैसे देतात ऐकायचे?”

“काच बंद होती! इंजिन चालू होतं!” रेडिओ लालबुंद झाला होता. “आणि ‘न’ आणि ‘ण’ म्हणताना ओठ सारखेच हलतात. फरक सगळा आत, जिभेत असतो. दातांना लागली की न, टाळूला वळली की ण. बाहेरून कसं दिसणार?”

“म्हणजे माझा ‘ण’ खराब?” ताईने विचारलं.

“ते आता इथे काच नसताना ऐकल्याशिवाय सांगता येणार नाही.” रेडिओ उठून उभा राहिला. त्याच्या आवाजातली चेष्टा कुठेतरी गळून पडली. “म्हण बघू परत.”

ताईने त्याच्याकडे पाहिलं. मघापासून पहिल्यांदाच सरळ पाहिलं. जीभ टाळूला नीट वळवून, एकेका अक्षराला जागा देत ती म्हणाली,

“कोण?”

“मी,” रेडिओ म्हणाला.

वहिनीने पदराने डोळे पुसले. बटाट्यानेही तोच पदर ओढून डोळे पुसले. आणि धाकटा ताडकन उभा राहिला.

“थांबा! थांबा जरा. तू माझ्या शेजारी बसायचास. माझा डबा खायचास. आणि सगळा वेळ माझ्या बहिणीवर…?”

“तुझ्या शेजारी दुसरं कशाला बसेन मी?” रेडिओ म्हणाला. “तू गणितं चुकायचास.”

“मॉनिटर, बघ!”

“नियमाने याचं बरोबर आहे,” मॉनिटर न्यायाधीशाच्या थाटात म्हणाली. “ताई अख्ख्या वर्गाची ताई.”

“मी एकदाही म्हटलेलं नाही,” रेडिओ म्हणाला. “विचारा कुणालाही.”

सगळ्यांनी आठवून बघितलं. खरंच नव्हतं म्हटलं. “मग नियम लागू नाही,” मॉनिटरने पक्ष बदलला आणि धाकटा एकटा पडला.

“आणि ही समुद्राकडे निघून गेली तर?” तो रडवेल्या आवाजात म्हणाला. आता तो चिडलेला नव्हता, घाबरलेला होता. ते वहिनीच्या आधी ताईला कळलं. “आईचं काय? वर्कशॉपचं काय? माझ्या किल्ल्या कोण शोधणार? मी म्हणतो, आधी सगळ्यांनी बसून नीट…”

“पग सब,” खिडकीकडून आवाज आला.

सगळे वळले. आई शांतपणे कानातलं मशीन ठीक करत होत्या.

“आई?” धाकटा म्हणाला.

“गप बस म्हटलं. आणि माझं नाव मध्ये घालू नकोस, माझं मी बघेन.”

“तुला ही भाषा येते?”

“तुम्ही चौथीत होतात तेव्हापासून. दाराआड उभी राहून शिकले. सांगितलं असतं तर तुम्ही नवी काढली असतीत.”

जुळी एकमेकांकडे बघत राहिली. आजवर त्या दाराअलीकडे आपण काय काय बोललो, याची उजळणी दोघांच्याही चेहऱ्यावर दिसत होती. तेवढ्यात ताई उठली. “माझी भट्टी चालू आहे,” ती कुणाकडेही न बघता म्हणाली आणि दोन-दोन पायऱ्या एकदम उतरत खाली गेली.

थोड्या वेळाने रेडिओ खाली गेला तेव्हा ती बर्नरशी होती. चष्मा डोळ्यांवर, रबरी नळी ओठांत, हातांत फिरती काच. तो दाराशी थांबला.

“बोलू नकोस, काम चालू दे,” तो म्हणाला. “मीच बोलतो. तिथे घरासमोर समुद्र आहे. रात्रंदिवस आवाज. मला एकट्याला तो सगळा ऐकून होणार नाही. पुढच्या रविवारी येशील? नुसती बघायला. आठ दिवस. आवडलं नाही तर परत ये.”

काच मऊ झाली होती. आता थांबलं तर वाकडी होईल, फुंकलं तर बोलता येणार नाही. ताईचे डोळे चष्म्याआड मोठे झाले. तिने मान हलवली, पण ती नळी फिरवण्याच्या लयीतच हलली. होकार की नकार, कळायला मार्ग नव्हता. बाहेर टॅक्सीचा भोंगा वाजला.

“राहू दे,” रेडिओ हसून म्हणाला. “मला अर्धवट ऐकायची सवय आहे.” आणि तो गेला.

ताईने काच भट्टीत ठेवली. नवी काच सावकाश निवू द्यावी लागते. घाई केली की दिसायला ठीक दिसते आणि मग एकाएकी तडकते. आयुष्यभर ती हे शिकणाऱ्यांना सांगत आली होती. भट्टीचं दार लावून ती तिथेच उभी राहिली, हात पुशीत. स्वच्छच होते.

जिन्याच्या कठड्याला धरून आई अर्ध्यापर्यंत उतरल्या होत्या.

“ती काच निवेल तिची ती,” त्या म्हणाल्या. “जा.”

टॅक्सी फाटकातून निघतच होती. वहिनी, धाकटा, मॉनिटर आणि बटाटा हात हलवत उभे होते. त्यांच्यामधून ताई रंगीत चष्म्यासकट धावत सुटली आणि मागच्या खिडकीवर थाप मारून उभी राहिली. काच बंद होती. इंजिन चालू होतं. ताई काहीतरी म्हणाली.

तिचे ओठ गोल झालेले रेडिओने पाहिले. त्यावरून ओळखता आलं असतं. या शब्दाला ओठ फसवत नाहीत. पण पुन्हा काचेआडून ऐकायची त्याची छाती नव्हती. “थांबा, थांबा!” तो ड्रायव्हरला म्हणाला आणि खिडकीची काच शेवटपर्यंत खाली केली.

“काय म्हणालीस?”

“हो,” ताई म्हणाली.

मागे बटाट्याने शिट्टी मारली. ड्रायव्हरला गाडीची वेळ दिसत होती. त्याने टॅक्सी दामटली. ताई रस्त्यातच उभी राहिली, कपाळावरचे केस उडवत, शाळेतल्या मुलीसारखी. टॅक्सी कोपऱ्यापर्यंत गेली. थांबली. आणि मग सगळ्यांच्या डोळ्यांदेखत उलटी, मागे मागे येऊ लागली. खिडकीतून रेडिओ कमरेपर्यंत बाहेर आला होता.

“येत्या!” तो ओरडत होता. “येत्या रविवारी! त्याच्या पुढच्या नाही! कळलं?”

“अख्ख्या गल्लीला कळलं!” मॉनिटर ओरडली. “हे असं बोलायचं असतं!” ती स्वतःशीच म्हणाली.

टॅक्सी दिसेनाशी झाल्यावर धाकट्याने बोटं मोजली. मग त्याचा चेहरा पडला.

“येत्या रविवारी? पण त्याच दिवशी उरलेला सगळा वर्ग येणार आहे. ताई नसणार. मग परत चाळीस जणांची सँडविचं…” तो आशेने बायकोकडे वळला. “अगं…”

“कोन,” वहिनी म्हणाली.

धाकटा वळून फाटकाकडे बघू लागला. “कोण?”

एव्हाना दारापर्यंत आलेल्या आई सगळ्यांत आधी हसल्या.